टमी टक शस्त्रक्रिया: निर्णयापासून वण फिका होईपर्यंत

टमी टक, म्हणजेच डॉक्टरांच्या भाषेतील ॲबडॉमिनोप्लास्टी, ही वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया नाही, हे सर्वांत आधी नीट समजून घ्यावे. पोटावरची सैल, लोंबणारी कातडी व तिच्याखालची चरबी काढणे आणि बाळंतपणांमुळे मधोमध फाकलेले पोटाचे उभे स्नायू पुन्हा जवळ आणून शिवणे, एवढेच तिचे काम असते. पोटाचा घेर आतड्यांभोवती साठलेल्या चरबीमुळे वाढला असेल, तर ती चरबी स्नायूंच्या भिंतीच्या आत असते आणि या शस्त्रक्रियेत सर्जन तिथवर जातच नाहीत. असे पोट टणक व पुढे आलेले असते आणि त्याला आहार, चालणे व वेळ याच गोष्टी लागू पडतात. याउलट वजन आटोक्यात असूनही ओटीपोटावर कातडीची घडी उरली असेल, घडीखाली घामाने पुरळ उठत असेल, किंवा सिझरच्या वणावरून पोट पिशवीसारखे खाली येत असेल, तर ती कातडी कितीही व्यायाम केला तरी आक्रसत नाही. ज्यांना या शस्त्रक्रियेचा खरोखर उपयोग होतो, त्या या रुग्ण.

स्नायू फाकले आहेत का, याचा अंदाज घरीही घेता येतो. उताणे झोपून गुडघे दुमडावेत, मान आणि खांदे किंचित उचलावेत आणि बेंबीच्या वर व खाली मधोमध बोटे दाबून पाहावीत. दोन बोटांहून रुंद खाच लागत असेल किंवा मधली रेघ उंचवट्यासारखी वर येत असेल, तर तपासणी करून घेणे योग्य ठरते. मी मिरजेत फिजिओथेरपीचे काम करते आणि अशा स्त्रियांना आधी काही महिने पोटाचे व श्वासाचे व्यायाम नेटाने करायला सांगते, कारण त्यातून पाठदुखी कमी होते, खाच काही अंशी भरून येते आणि पुढे शस्त्रक्रिया झालीच तर शरीर लवकर सावरते.

कोणी थांबावे

आणखी मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. नंतरच्या गर्भारपणात बाळाला किंवा आईला त्यामुळे सहसा धोका होत नाही, पण शिवलेले स्नायू आणि ताणलेली कातडी पुन्हा सैल पडतात व केलेले सारे वाया जाते. बाळंतपणानंतर किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर, जाऊ द्यावे आणि बाळाचे अंगावरचे दूध सुटलेले असावे. वजन किमान सहा महिने स्थिर असावे. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेने वजन उतरवलेल्यांना साधारण वर्ष ते दीड वर्ष थांबायला सांगतात. मधुमेह, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन आधी ताळ्यावर आणावे लागते. आपल्याकडे कितीतरी बायकांचे हिमोग्लोबिन कमी असते आणि ते लोहाच्या गोळ्यांनी भरून येण्यास काही आठवडे ते महिने लागतात, म्हणून ही तपासणी अगदी सुरुवातीलाच करावी.

तंबाखूबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. सर्जन "स्मोकिंग करता का?" असे विचारतात आणि आपल्याकडची स्त्री खरेपणाने "नाही" म्हणते, पण सकाळ-संध्याकाळ दातांना मिश्री लावत असते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते आणि कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळते. या शस्त्रक्रियेत पोटाची कातडी बरगड्यांपर्यंत सोडवून खाली ओढली जाते, त्यामुळे तिच्या खालच्या कडेला मुळातच रक्तपुरवठा कमी मिळतो. त्यात निकोटीनची भर पडली की कड काळी पडून कुजण्याचा आणि जखम उघडण्याचा धोका बराच वाढतो. सिगारेट, विडी, गुटखा, मावा, मिश्री आणि निकोटीनचे च्युइंगगमसुद्धा शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे पूर्ण बंद हवे. संकोच न करता ही सवय डॉक्टरांना सांगावी. ऐकणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही.

सर्जनची निवड आणि पहिली भेट

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या गावाने वैद्यकीय पेठ म्हणून नाव कमावले आहे. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथेच आले, त्यामुळे सांगली-मिरजेत प्रशिक्षित सर्जन, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग मिळण्यात अडचण येत नाही. तरीही पाटीवरचा "कॉस्मेटिक" हा शब्द पदवी नव्हे. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतील एम. सीएच. किंवा डी. एन. बी. ही पदवी असावी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी असावी. हे विचारण्यात अवमान कसलाच नाही.

पुण्या-मुंबईला जावे की इथेच करावे, हा प्रश्न हमखास निघतो. माझे मत असे की योग्य पात्रतेचा सर्जन जवळ असेल तर जवळच करावे, कारण शस्त्रक्रिया एकदाच होते, पण ड्रेसिंग, ड्रेन (कातडीखालचे पाणी बाहेर आणणारी नळी) काढणे, टाके पाहणे आणि साठलेले पाणी सुईने काढणे यासाठी पहिल्या महिन्यात अनेकदा जावे लागते. पुणे-सांगली हा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास ताज्या टाक्यांवर तर त्रासदायक असतोच, शिवाय तासन् तास पाय लोंबकळत बसल्याने पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. बाहेरगावी करायचेच ठरले तर निदान आठवडाभर तिथेच मुक्काम ठेवावा आणि परतताना दर तासाला गाडी थांबवून चालावे.

पहिल्या भेटीत उभे राहून, बसून व झोपून पोट तपासले जाते, छायाचित्रे घेतली जातात आणि हर्नियाची शंका असल्यास सोनोग्राफी सांगितली जाते. सिझर, कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया, पित्ताशयाची शस्त्रक्रिया असे पोटावरचे सगळे जुने वण दाखवावेत. पित्ताशयाचा बरगडीखालचा जुना लांब वण असेल तर कातडीचा रक्तपुरवठा बदललेला असतो आणि त्यानुसार आखणी करावी लागते. आपल्याला पूर्ण टमी टक लागेल, की केवळ बेंबीखालचा भाग घेणारी मिनी टमी टक पुरेल, की सोबत लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणे) करायचे आहे, हे विचारून घ्यावे. वण नेमका कुठून कुठवर येणार, तो पेनाने पोटावर आखून दाखवावा अशी विनंती करावी. तो एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातो आणि कायम राहतो. हा वण मनाला पटत नसेल तर शस्त्रक्रिया करू नये.

खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. सर्जन व भूलतज्ज्ञांचे शुल्क, ऑपरेशन थिएटर, खोली, औषधे, नंतर पोटाला आवळून बांधायचा पट्टा आणि पुढची ड्रेसिंग त्यात धरली आहेत का, तसेच पुन्हा छोटी दुरुस्ती लागल्यास तिचा भार कोणी उचलायचा, हे आधी स्पष्ट असावे. निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. सोबत खरोखर हर्निया असेल, तर त्या भागापुरती विचारणा विमा कंपनीकडे आधी लेखी करावी. हर्नियासाठी अनेक पॉलिसींमध्ये प्रतीक्षा कालावधीही असतो. नसलेला हर्निया कागदावर दाखवण्याच्या फंदात पडू नये.

घर आधी लावून घ्यावे

रुग्णालयात एक ते तीन दिवस काढायचे असतात, घरी मात्र सहा आठवडे, आणि आपली घरे जमिनीवर बसण्या-उठण्याच्या बेताने मांडलेली असतात. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे पहिले काही आठवडे जमत नाही, म्हणून कमोड खुर्ची आधीच आणून ठेवावी. मिरजेत वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत ती मिळते. झोपायला जमिनीवरचे अंथरूण नको, गुडघ्याच्या वर उंची असलेला पलंग हवा. पाठीखाली दोन-तीन आणि गुडघ्यांखाली एक-दोन उशा ठेवून, शरीर आरामखुर्चीत रेलल्यासारखे दुमडलेले राहील असे झोपायचे असते, कारण सरळ ताणल्यास टाक्यांवर ओढ येते. औषधे, पाण्याची बाटली, मोबाईलचा चार्जर, चष्मा हे सगळे हात लांब न करता मिळेल अशा उंचीवर ठेवावे.

सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही, हा नियम ऐकायला सोपा वाटतो, पण घरातल्या वस्तूंना लावून पाहावा. आंघोळीची भरलेली बादली पंधरा-वीस किलोची असते, भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो आणि दोन वर्षांचे मूल दहा-बारा किलोचे असते. परातीत पीठ मळून भाकरी थापतानाही पोटावर जोर येतो. म्हणून पहिले दोन आठवडे पूर्ण वेळ आणि पुढचा महिना निदान सकाळ-संध्याकाळ हाताशी माणूस असावे.

इथे एक कौटुंबिक गोष्ट सांगावीशी वाटते. अनेकजणी संकोचापोटी सासरी किंवा शेजारी "हर्नियाचे ऑपरेशन" किंवा "पोटातली गाठ" असे सांगतात. बाहेरच्यांना काय सांगायचे हा ज्याचा-त्याचा प्रश्न आहे, पण जी सासू, जाऊ किंवा बहीण सोबत राहणार आहे, तिला खरे काय ते सांगावे, शक्य असल्यास डॉक्टरांच्या भेटीला सोबत न्यावे. आठ-दहा दिवसांत बाई चालू-फिरू लागली की घरच्यांना ती बरी झाल्यासारखी वाटते आणि पाण्याचा हंडा न बोलता तिच्या हातात येतो. आत स्नायूंवर घातलेले टाके कोणाला दिसत नाहीत.

वेळही विचारपूर्वक निवडावी. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ पट्टा वापरायला सुसह्य असतो; एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात चोवीस तास आवळलेल्या पट्ट्याखाली घामोळे येते आणि जखमेची स्वच्छता राखणे कठीण जाते. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठच्या लोकांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवावेत. रस्ते बंद झाले तर फेरतपासणीला जाता येत नाही. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागायतदार कुटुंबातील स्त्रियांनी ऑक्टोबरची फळछाटणी, काढणीचा हंगाम आणि एप्रिलची खरड छाटणी यांच्या तारखा पाहूनच दिवस धरावा, कारण बागेत माणसांची गडबड असताना घरची कर्ती बाई सहा आठवडे स्वस्थ बसू शकत नाही, हे तिलाही ठाऊक असते.

शस्त्रक्रियेचा दिवस

ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे, गर्भनिरोधक किंवा पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या, तसेच आयुर्वेदिक काढे व चूर्णे यांची यादी आधीच द्यावी. काय बंद करायचे आणि कधी, हे डॉक्टर ठरवतील. घन आहार किमान सहा तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवतात, पण भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळच प्रमाण मानावी. सकाळी सर्जन तुम्हाला उभे करून पोटावर खुणा आखतात. पूर्ण भूल देऊन चालणारी ही शस्त्रक्रिया साधारणपणे दोन ते चार तासांची असते. ओटीपोटावर आडवा छेद घेऊन कातडी वरपर्यंत सोडवतात, स्नायू मधोमध शिवतात, जास्तीची कातडी कापतात आणि बेंबी मूळ जागीच ठेवून तिच्यासाठी कातडीत नवे छिद्र करतात.

शुद्धीवर आल्यावर पोट घट्ट आवळल्यासारखे वाटते, लघवीची नळी असते आणि बहुधा दोन्ही बाजूंनी ड्रेन बाहेर आलेले असतात. खोकला किंवा शिंक आली तर दोन्ही हातांनी उशी पोटाशी दाबून धरावी. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला लावतात. दुखत असताना उठवणे निर्दयपणाचे वाटते, पण पायातील शिरांत रक्त साकळू न देण्याचा हाच उत्तम उपाय आहे. पलंगावर असतानाही दर तासाला घोटे वर-खाली हलवावेत आणि दीर्घ श्वास घ्यावेत. गुठळी टाळण्याचे इंजेक्शन काही रुग्णांना दिले जाते.

पहिले दोन आठवडे

उठण्याची पद्धत रुग्णालयातच शिकून घ्यावी. सरळ उठून बसायचे नाही. गुडघे दुमडून आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि त्याच क्षणी खालच्या कोपराने व वरच्या हाताने पलंगाला रेटा देऊन अंग वर आणावे. पोटाचा जोर अजिबात लावू नये. बसल्यावर मिनिटभर थांबून मगच उभे राहावे, कारण चक्कर येऊ शकते. चालताना कमरेत वाकूनच चालावे. दहा-पंधरा दिवसांत पाठ आपोआप सरळ होत जाते, मुद्दाम ताणून सरळ करायचा हट्ट धरू नये. वाकून चालल्याने पाठ भरून येते. त्यासाठी उशांचा आधार पुरेसा असतो.

ड्रेन म्हणजे कातडीखालचे पाणी बाहेर आणणारी बारीक नळी आणि तिच्या टोकाला असलेली, दाबून हवा काढलेली लवचीक कुपी. दिवसातून दोनदा हात साबणाने धुऊन कुपीचे बूच उघडावे, आतले पाणी मोजपट्टी असलेल्या कपात ओतावे, कुपी पुन्हा चेपून हवा काढावी आणि चेपलेल्या अवस्थेतच बूच लावावे. ती फुगलेली दिसली तर ओढ लागत नाही असे समजावे. डावी-उजवी बाजू, तारीख, किती मिलिलिटर आणि रंग हे वहीत लिहावे. आधी लालसर, मग गुलाबी आणि पुढे पिवळट असा रंग बदलत जाणे अपेक्षित असते. चोवीस तासांत साधारण तीस मिलिलिटरपेक्षा कमी पाणी येऊ लागले की ड्रेन काढतात, आणि त्याला बहुधा एक ते दोन आठवडे लागतात. ही वही फेरतपासणीला न विसरता न्यावी.

वेदनाशामक गोळ्यांमुळे बद्धकोष्ठता होते आणि कुंथणे टाक्यांना घातक असते. भरपूर पाणी, पपई, पालेभाज्या आणि गरज लागल्यास डॉक्टरांनी दिलेले सौम्य रेचक घ्यावे. जखम भरायला प्रथिने लागतात, म्हणून डाळी, मटकी, दही, पनीर, अंडी, मासे यांपैकी जे चालत असेल ते रोज पोटात जावे. भेटीला येणारे डिंकाचे लाडू आणि तूप घेऊन येतील; त्यांचा मान राखावा, पण बाळंतिणीचा आहार इथे उपयोगाचा नाही.

बाळंतिणीचा शेकही नको, आणि हे मी आग्रहाने सांगते. बेंबीखालची कातडी कित्येक महिने बधिर असते, तिला उष्णता कळत नाही. गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडीचा शेक दिला तर कातडी भाजून फोड आले तरी रुग्णाला पत्ता लागत नाही. बर्फही थेट लावू नये. हळद सांगलीची असो वा कुठलीही, ती ताज्या जखमेवर भरू नये. तेल, कोरफड आणि ओव्याचा धूर यांनाही दूरच ठेवावे. आंघोळ कधी करायची हे ड्रेन आणि ड्रेसिंगवर अवलंबून असते, तोवर अंग पुसून घ्यावे.

ताबडतोब डॉक्टर गाठावे असे प्रसंग

एकाच पायाच्या पोटरीत दुखणे व सूज, अचानक धाप लागणे, छातीत कळ येणे किंवा खोकल्यातून रक्त येणे ही गुठळी फुप्फुसापर्यंत गेल्याची लक्षणे असू शकतात. सकाळची वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. पोटाची एक बाजू थोड्या वेळात फुगून टणक होणे किंवा ड्रेन ताज्या लाल रक्ताने भराभर भरणे हेही थांबण्यासारखे नसते. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पसरत जाणारी लाली, पू किंवा दुर्गंधी, टाक्यांची कड जांभळी-काळी पडणे, यांसाठी त्याच दिवशी सर्जनना कळवावे. ड्रेन काढल्यानंतर पोट हलवल्यावर आत पाणी डचमळल्यासारखे वाटले, तर तो सेरोमा असू शकतो. या शस्त्रक्रियेत तो बऱ्यापैकी आढळतो आणि बहुतेक वेळा दवाखान्यात सुईने पाणी काढून आटोक्यात येतो.

तिसऱ्या आठवड्यापासून पुढे

बैठे काम असलेल्यांना दोन ते तीन आठवड्यांनी कामावर जाता येते. शेतात, दुकानात किंवा वर्गात दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांनी सहा आठवड्यांचा हिशेब धरावा. दुचाकीवर मागे बसायलाही तीन-चार आठवडे थांबावे, कारण गतिरोधकावरचा एक हिसका पुरेसा असतो. स्वतः गाडी चालवणे, ब्रेक जोरात दाबताना पोट दुखत नाही याची खात्री झाल्यावरच सुरू करावे. पोटपट्टा साधारण सहा आठवडे वापरतात. तो इतका आवळू नये की श्वास अडेल किंवा कातडीवर वळ उठतील, आणि दोन पट्टे असले की एक धुता येतो. चालणे रोज थोडे वाढवत न्यावे. सूर्यनमस्कार, पोटाचे व्यायाम, उड्या आणि जड वजन यांना सहा ते आठ आठवड्यांनंतर, सर्जननी होकार दिल्यावरच हात घालावा, आणि सुरुवात श्वासाच्या व ओटीपोट आत ओढण्याच्या हलक्या व्यायामांपासून करावी.

याच सुमारास मन खचते, याची आधी कल्पना असलेली बरी. सकाळी सपाट दिसणारे पोट संध्याकाळी सुजते, आधीचे ब्लाउज बसत नाहीत, वजनकाट्यावर फारसा फरक दिसत नाही आणि एवढे सोसून काय मिळाले असे वाटू लागते. सूज पहिल्या तीन महिन्यांत बरीच उतरते, पण पूर्ण ओसरायला सहा महिने ते वर्ष लागते. बधिरपणा हळूहळू कमी होतो, क्वचित एखादा पट्टा कायम बधिर राहतो. मुंग्या येणे आणि अधूनमधून टोचणे हे नसा पुन्हा जुळत असल्याचे लक्षण असते.

वण आधी लाल, जाड आणि खाजरा होतो, मग वर्ष-दीड वर्षात फिका पडत जातो. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत तो काळपट होण्याची किंवा उंचावण्याची प्रवृत्ती अधिक असते, आणि कान टोचल्यावर किंवा सिझरनंतर ज्यांना केलॉइड (जखमेबाहेर वाढत जाणारा जाड, उंच वण) झाला आहे त्यांनी हे पहिल्याच भेटीत सांगावे. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल आणि हलका मसाज यांचा उपयोग होतो. वण उन्हापासून झाकलेला ठेवावा. साडीच्या परकराची नाडी नेमकी त्याच रेषेवर येते, म्हणून काही महिने नाडीऐवजी रुंद, मऊ इलॅस्टिकचा परकर वापरावा किंवा सैल गाऊन घालावा. वणाच्या दोन्ही टोकांना कातडीचा छोटा फुगवटा उरला तर त्याची घाई करू नये. तो पुष्कळदा सूज उतरताना बसतो, आणि न बसल्यास सहा महिने ते वर्षभराने केवळ तेवढा भाग बधिर करून दुरुस्त करता येतो.